ठमाबाईची घाई

वांग्यांची पहिली खेप भाजून झाली, सोलून झाली, दुसरी निखाऱ्यावर चढली, तरी अंबाबाई अजून भातावरच होती.

"भात झोडून झाला," असं ती हॉलच्या खिडकीतून पुन्हा एकदा म्हणाली. म्हणजे तिच्या वतीनं, जेवणानंतरच्या गाण्याचा सराव करणारी समृद्धी म्हणाली. आणि 'झाला'वर ती अशी काही रेंगाळली की परसात चुलीपुढं बसलेल्या जयाला वाटलं, आता हे झोडणं संध्याकाळपर्यंत चालतंय. मग बऱ्याच वेळानं "तांदूळ ठेवलाय" आलं. त्याच्याही मागून, आता विसरली की काय असं वाटायला लागल्यावर, "तू आली नाहीस" आलं. ते वर गेलं, खाली आलं, मध्येच कुठं तरी थांबून राहिलं. तबल्यावरचा पुण्याचा पोरगा सुदर्शन डोळे मिटून मान हलवत होता. पत्र तेवढंच होतं. दोन ओळींचं.

मग तबला एकदम उठून बसला आणि ठमाबाई सुरू झाली. "बाई, आले नाही ते खरं, पण बैल बसला, खळं पडलं, धोंडीला गोवर निघाला, वर पावणे येऊन टेकले, मी येऊ तरी कशी, रागावू नका, तांदूळ कुणाला देऊ नका, बोरांची पिशवी पाठवलीय, पिशवी परत पाठवा," असं भराभर, एकावर एक. जयानं चिमट्यानं वांगं उलटलं तेव्हा ठमाबाई बोलायला लागली होती, आणि दुसऱ्या अंगाला वाफ धरायच्या आत गप्पही झाली.

"झालं?" जयानं विचारलं.

"झालं की," शेजारी वांगी सोलत बसलेली मंगल म्हणाली. तिचा चेहरा नुसता फुलून आला होता, आणि का येऊ नये, पोर तिची होती. "कसं वाटलं, जाऊबाई?"

"वांगी करपाया लागलीत," जया म्हणाली आणि उठून गेली.

आज चंपाषष्ठी. यंदा भाऊकी राजुरीला जमायची पाळी होती, म्हणजे जयाच्या आणि तिच्या नवऱ्याच्या, दादाभाऊंच्या, दारात. आधी खंडोबाची तळी भरायची, मग भरीत-रोडग्याचं जेवण, आणि जेवणावर मांडवात समृद्धीचं गाणं. पुढच्या महिन्यात ती ते पुण्यात मोठ्या सभागृहात गाणार होती, पण पहिल्यांदा आपल्या माणसांनी ऐकावं हा हट्ट कुणाचा, तर जयाचा. गेल्या गणपतीत तिनंच तो सगळ्यांदेखत धरला होता. आता माघार घ्यायची तर तोंड कुठं लपवायचं हा प्रश्न होता.

गाण्यातल्या दोघी या खानदानाच्या दोन आज्या. अंबाबाई थोरली जाऊ, ती डिंभ्याला डोंगरात राहिली, भातशेतीत. ठमाबाई धाकटी. तिचा नवरा कुंडलिक इकडं राजुरीला जमीन कसायला आला आणि इकडचाच झाला. डिंभ्याची मंगलची आणि तिचा नवरा भरत याची शाखा अंबाबाईची, राजुरीची दादाभाऊंची शाखा ठमाबाईची. दोघी जावांना एक अक्षर लिहिता येत नव्हतं, पण एकमेकींना निरोप धाडल्याशिवाय करमत नव्हतं. इकडं शाळेतले मास्तर आणि तिकडं जो कुणी लिहिणारा हाताला लागेल तो, अशांकडून त्यांनी वर्षानुवर्षं पत्रं लिहून घेतली. बाजाराला जाणाऱ्या माणसाच्या हाती ती यायची-जायची. त्यातली निवडक समृद्धीनं रागांत बांधली, सालं न बघता एकीचं पत्र, दुसरीचं उत्तर, पुन्हा पत्र, पुन्हा उत्तर अशी ओळीनं लावली, आणि सगळ्याला मिळून नाव दिलं 'जावा'.

नाव ऐकून भाऊकीतल्या पुरुषांनी मिशीत हसून घेतलं होतं. बायकांना मात्र ते फार आवडलं होतं.

जयाला राग आला होता, आणि तो साधासुधा नव्हता. या घरात ती नवी नवरी म्हणून आली तेव्हा सासूबाई अशा कडक होत्या की सुनेनं बूड टेकलं की त्यांना काम आठवायचं. त्या घरात जयाच्या बाजूची एकच व्यक्ती होती, आजेसासू ठमाबाई. डोळ्यांत पडदा आलेली ती म्हातारी दुपारी ओट्यावरून हाक मारायची, "नातसूनबाई, ये गं, पत्र वाचून दाव." दहावी शिकलेली सून पत्र वाचतेय म्हटल्यावर सासूबाईंनाही काही बोलता येत नसे. जया वाचायची, म्हातारी ऐकायची, आणि तेवढा वेळ जयाच्या पायांना विसावा मिळायचा. आपल्याला त्या घरात टिकवलं ते ठमाबाईनं, असं जया आजही उघड सांगायची. आणि त्या ठमाबाईला या पोरीनं एस.टी. सुटायला आलेल्या बाईसारखं बोलायला लावलं होतं. तेही सगळ्या भाऊकीपुढं. डिंभ्याची अंबाबाई मात्र गादीवर लोड लावून बसल्यासारखी निवांत.

तिनं दादाभाऊंना मांडवात गाठलं. ते खुर्च्या पुसत होते. जयानं आपलं गाऱ्हाणं पहिल्यापासून सांगितलं, आणि दादाभाऊंनी प्रत्येक वाक्याला एक खुर्ची या हिशेबानं ते ऐकून घेतलं. शेवटी ते म्हणाले की त्यांना गाण्यातलं काही कळत नाही, तबला मात्र पोरगा चांगला वाजवतो.

"तुमच्या आज्जीची चेष्टा चाललीय, आन् तुमाला तबला सुचतोय?"

"अगं, पण म्हातारी बोलायचीच भरभर," दादाभाऊ म्हणाले. म्हणजे या आघाडीवर काही मिळण्यासारखं नव्हतं.

मग जयानं धोंडाबाई आत्यांकडं मोर्चा वळवला. या ठमाबाईच्या लेक, दादाभाऊंच्या आत्या, ऐंशीच्या पुढच्या, पण कान शाबूत आणि मान सगळ्या भाऊकीत. त्यांना फक्त एवढं सांगायची खोटी होती की गाण्यात तुमच्या गोवराचा उल्लेख आहे आणि तो बैल बसला आणि पावणे आले यांच्या मध्ये कुठं तरी चेंगरलाय. आत्याबाई भडकल्या. मी त्या गोवरात जगते का मरते असं झालं होतं, आईनं रात्रंदिवस कडुलिंबाचा पाला फिरवला, आणि ते असं उरकून टाकता? त्यांनी समृद्धीला बोलावणं धाडलं. जयाला बरं वाटलं आणि ती रोडगे थापायला गेली.

ती परत आली तेव्हा आत्याबाई फितूर झाल्या होत्या. समृद्धी त्यांच्या पायाशी बसून त्यांचे गुडघे चेपत होती आणि आत्याबाई जयाला सांगत होत्या की पोर गुणी आहे, 'धोंडीला गोवर निघाला' ती आता तीनदा म्हणणार आहे आणि तिसऱ्यांदा तान घेणार आहे.

"आन् आईचं काय?" जयानं विचारलं.

"आईचं ब्येस आहे की," आत्याबाई म्हणाल्या. "आई तशीच व्हती."

आता समोरासमोर बोलण्यावाचून गत्यंतर नव्हतं. जयानं समृद्धीला हॉलमध्ये नेलं. मागोमाग मंगल आली, कारण आपल्या लेकीला कुणी बाजूला घेऊन बोलतंय हे तिच्या नजरेतून सुटणं शक्य नव्हतं. दादाभाऊही आले, हातात फडकं घेऊन.

समृद्धीनं समजावून सांगायचा मनापासून प्रयत्न केला. विलंबितात शब्द थोडेच लागतात, म्हणाली. शब्द जितके कमी तितकं गाणाऱ्याला फिरायला रान मोठं. अंबाआजींनी दोनच ओळी सांगितल्या, म्हणून त्यांना वेळ. ठमाआजींनी कारणांची रासच ओतली, ती संथ गायली तर आज चंपाषष्ठीला सुरू केलेलं गाणं संक्रांतीला संपेल. आणि त्यांना मनातून लागलेलं असणार, म्हणून त्या भराभर बोलल्या असतील असं मला वाटलं, काकू.

"तुला वाटलं," जया म्हणाली. "तू पायली व्हतीस का तिला? मी पायलीय. लोक हसतील तिला."

"हसले तर हसू देत ना, काकू. गोड आहे ते."

ते 'गोड' जयाला झोंबलं. ज्या बाईनं आपल्याला सांभाळलं ती लोकांनी तोंडाला पदर लावून हसावं म्हणून नव्हती. ती टेबलापाशी गेली. पत्रं समृद्धीनं प्लास्टिकच्या पाकिटांत घालून लोकांना बघायला मांडून ठेवली होती. आपल्या घरची पत्रं जयाला पाठ होती, कागदाच्या रंगावरून ती ओळखू यायची. तिनं तो गठ्ठा उचलला, कपाटात ठेवला आणि कपाट लावून टाकलं.

"आमच्या घरची पत्रं गायची न्हाईत," ती म्हणाली. "आज न्हाई आन् पुण्यात बी न्हाई."

हे नुसतं रुसणं नव्हतं हे सगळ्यांना कळलं. पत्रं घेतानाच समृद्धीनं दोन्ही घरांना शब्द दिला होता की ज्या घरची पत्रं, त्या घराची परवानगी, आणि ती कधीही परत घेता येईल. पाठ असली तरी मग ती गाणार नाही. पोर शब्दाची पक्की होती, ते तिचं कौतुक आजवर जयाच जास्त करायची.

मंगलचा चेहरा उतरला आणि मग तापला. एवढी वर्षं थोरल्या जावेपुढं मान खाली घालून वागलेली बाई, पण लेकीच्या दोन वर्षांच्या मेहनतीवर पाणी पडताना बघून तिलाही राहवेना. "मंग आमच्या घरची बी नगंत," ती म्हणाली. "ऱ्हाऊ द्या समदंच." तिनं उरलेला गठ्ठा उचलून आपल्या पिशवीत कोंबला.

"जया," दादाभाऊ म्हणाले.

"तुमी मधी बोलू नगा."

"बोलत न्हाई. पर तू कपाटात घातलीस ती अंबाबाईची पत्रं हायेत."

जयाला क्षणभर कळेना. मग कळलं. पत्र ज्याला आलं त्याच्या घरी राहतं. राजुरीच्या घरात जपून ठेवलेली सगळी पत्रं डिंभ्याहून अंबाबाईनं पाठवलेली होती, ठमाबाई असेपर्यंत जयानं ओट्यावर बसून वाचली होती तीही अंबाबाईचीच. आणि ठमाबाईची पत्रं गेली होती डिंभ्याला. ती मंगलच्या पिशवीत होती, भाकरीच्या फडक्याच्या आणि औषधाच्या डब्याच्या मधोमध. दोघी जावांनी तावातावानं आपली म्हणून दुसरीची आजी पळवली होती.

सुदर्शननं तोंड फिरवून तबल्याची वादी ओढायला घेतली. त्याचे खांदे हलत होते.

मंगलला आधी हसू आलं आणि मग डोकं चाललं. ती दिसते त्यापेक्षा हुशार होती. तिनं गठ्ठा पिशवीतून बाहेर काढला आणि लेकीच्या हातात दिला. "आमची परवानगी हाय," ती म्हणाली. "ठमाबाईचीच गा मंग. एकट्या ठमाबाईची. जाऊबाईंचा जीव शांत व्हईल."

जयानं मागितलं होतं ते तिला अख्खंच मिळालं होतं. अंबाबाई बाद, सगळा वेळ ठमाबाईला. ती "बरं" म्हणाली आणि जेवणाच्या पंगतीकडं गेली, पण जिंकल्यासारखं काही तिला वाटत नव्हतं.

तळी भरली, भंडारा उधळला, चार महिने वांग्याला शिवली नव्हती ती भाऊकी भरितावर तुटून पडली. आत्याबाईंनी दोन रोडगे खाल्ले आणि पुढची खुर्ची धरली. बायका सतरंजीवर, पुरुष खुर्च्यांवर, मंगल लेकीच्या मागं तानपुरा घेऊन. जया मुद्दाम मांडवाच्या खांबापाशी उभी राहिली, म्हणजे मध्येच उठून जावं लागलं तर कुणाला दिसू नये.

समृद्धीनं दोन वाक्यांत सांगितलं की ही एका आजीची पत्रं आहेत, दुसरीची आज गायची नाहीत. जिथं ती यायची तिथं मी थांबेन. का, ते तिनं सांगितलं नाही. जयाकडं बघितलंही नाही. मग ती थांबली. नुसता तानपुरा वाजत राहिला. लोक जरा वेळ शहाण्यासारखे बसले, मग चुळबुळले, एका पावण्यानं मोबाइल काढला. आणि तबला उठला.

"बाई, आले नाही ते खरं, पण बैल बसला, खळं पडलं..."

मांडवात खसखस पिकली. अंबाबाईनं विचारलेलं कुणी ऐकलंच नव्हतं, त्यामुळं ही बाई आपली उठून कुणी न विचारता सबबी सांगत सुटली होती. "कुनाला सांगतीय गं ही?" कुणी तरी म्हणालं. आत्याबाईंचा गोवर तीनदा निघाला आणि तिसऱ्यांदा तानेसकट निघाला, तेव्हा तर हशाच झाला. आत्याबाई मागं वळून बघायला लागल्या. समृद्धी चांगलं गात होती, जयालाही ते कळत होतं. दोष गाण्यात नव्हता. ठमाबाई बिचारी रिकाम्या दाराशी बोलत होती आणि लोक तिला हसत होते. जे होऊ नये म्हणून जयानं एवढा घोळ घातला होता तेच तिनं स्वतःच्या हातानं करून ठेवलं होतं.

पत्र संपलं. टाळ्या पडल्या, हसऱ्या चेहऱ्यांच्या. समृद्धी पुन्हा थांबली. पुढच्या पत्राची जागा. पुन्हा नुसता तानपुरा, आणि मंगलची बोटं तेवढी हलत होती.

"थांब," जया म्हणाली.

सगळ्यांच्या माना वळल्या. ती खांबापासून पुढं आली. काय करणार आहोत हे तिला पुढं येईपर्यंत माहीत नव्हतं.

"मागनं घे," ती समृद्धीला म्हणाली. "पैलं पत्र ऱ्हायलंय. माझ्या घरचं हाय, मी सांगते." आणि भाऊकीकडं तोंड करून, हात पदरात गुंडाळून, ती ओट्यावर बसून वाचायची तशी बोलली. "भात झोडून झाला. तांदूळ ठेवलाय."

पुढचं वाक्य तिच्या ओठांवर आलं आणि तिथंच अडकलं. कारण ती दुपार तिला दिसली. एक नव्हे, सगळ्याच दुपारी. 'तू आली नाहीस' वाचलं की म्हातारी हात वर करायची. थांब म्हणून. मग ओट्यावरची सावली खाली अंगणात उतरेपर्यंत ती एक शब्द बोलायची नाही. पुढचं पत्र नाही, पाणी नाही, काही नाही. जयाला वाटायचं डोळा लागला. पण ती जागी असायची. पुढच्या भाताला जाईन असं तिनं ठरवलं होतं आणि पुढचा भात व्हायच्या आत डिंभ्याहून माणूस सांगायला आला होता, अंबाबाई गेली म्हणून. सबबी सांगायला ठमाबाईला एक दमही लागला नव्हता. ती दोन ओळींची विचारणा मात्र तिनं उरलेलं सगळं आयुष्य ऐकली होती, आणि जया शेजारी बसून पायांना विसावा देत होती.

"तू आली न्हाईस," जया म्हणाली. आवाज फाटला, आणि भाऊकी बघते आहे याचं तिला या खेपेला काही वाटलं नाही.

मांडवात कुणी हसलं नाही. आत्याबाईंनी हळूच पदर डोळ्यांना लावला. समृद्धी जयाकडं बघत होती, परवानगीची वाट बघत.

"आता हेच म्हण," जया तिला म्हणाली. "सावकास म्हण, बाळा. तिला लई येळ लागायचा."

मंगलनं बसल्या जागी सरकून सतरंजीवर जागा केली. जया तिच्याजवळ खाली बसली, आणि समृद्धीनं भात झोडायला घेतला.